गोडबावीचं खारं पाणी

ही समोर दिसते ती गोडबाव. नाव गोडबाव, आणि पाणी असं की जिभेला लावलं तरी तोंड वेडंवाकडं व्हावं. हसा, हसा. बेटावर आलेला प्रत्येक पाहुणा आधी हसतोच. पण एके काळी ह्या विहिरीचं पाणी शहाळ्यासारखं होतं म्हणे, आणि अख्ख्या बेटावर गोडं पाणी तेवढंच.

तेव्हा इथे सावळाई राणीचं राज्य होतं. राज्य कसलं, दोन पाखाड्यांची वस्ती आणि किनाऱ्याला लागतील तेवढ्या होड्या; पण कुणाचं मिंधं नव्हतं. समुद्रावरून आलेल्या माणसाला आधी विहिरीचं पाणी द्यायचं, मग तो कोण, कुठला ते विचारायचं, अशी इथली रीत. टोपीकरांचं गलबत तहानेनं कासावीस होऊन बंदराला लागलं, तेव्हा राणीनं त्यांच्या कप्तानाला स्वतःच्या हातानं पाणी पाजलं. मेला पोटभर प्यायला, विहिरीत वाकून वाकून बघून गेला, आणि पुढच्या वर्षी तोफा घेऊन आला. जाता-येता गलबतं भरायला त्याला ही विहीर हवी होती. एका सकाळीत राणीच्या घरावरचं निशाण उतरलं, तिला तिथेच डांबलं, आणि बेट आता टोपीकरांच्या राजाचं अशी दवंडी पिटली.

राज्य गेल्यापेक्षा राणीला ते पाजलेलं पाणी जास्त डाचत होतं, असं सांगतात. ह्याला मीच जगवला, हे काही तिच्या मनातून जाईना. त्या पाण्याचा सूड घेतल्याशिवाय मरायचं नाही, असं तिनं ठरवलं.

कप्तानाला आता भरल्या गावासमोर तिच्याच हातून पाणी प्यायचं होतं, म्हणजे मालकी पक्की. राणी कबूल झाली. म्हणाली, आधी विहीर उपसायला हवी, गाळ साचलाय. कप्तान खूश. भरदुपारी ती बायकांना घेऊन विहिरीत उतरली. तळाशी, समुद्राच्या अंगाला, खडकात एक भोक होतं. वाडवडिलांनी शिसं ओतून ते बुजवलेलं. वर तिचा जुना नाखवा, धाकलू तांडेल, दोर धरून उभा होता. तिनं पहार मागितली तेव्हा त्याला उमगलं.

"राणीआय, आपली पोरं काय पितील?"

"पलीकडच्या किनाऱ्यावरून आणतील. तिथे आपली सोयरीक आहे, ह्यांची नाही."

"जन्मभर आणायचं?"

"जन्मभर. दे ती पहार."

धाकलूनं डोळे पुसले आणि पहार खाली सोडली.

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत समारंभ झाला. राणीनं तांब्या पुढे केला. कप्तानानं मोठा घोट घेतला आणि सगळा आपल्याच भरजरी अंगरख्यावर ओकला. गाव पोट धरधरून हसलं म्हणे.

मग त्याचं डोकं फिरलं. शिपाई विहिरीत उतरवले, पण आत समुद्र भरलेला, भोक काही सापडेना. गावातही कुणी तोंड उघडेना. त्यानं राणीपुढे दोन तांबे ठेवले, एक गलबतावरच्या गोड्या पाण्याचा, एक विहिरीचा. भोक दाखव आणि गोडं पी, म्हणाला. राणीनं विहिरीचा तांब्या उचलला.

"एकदा पाजलंय तुला," ती म्हणाली. "पुन्हा नाही."

खारं पाणी पीत पीत ती गेली. बाई हटली नाही. गलबतावरची पिंपं आटली तसे टोपीकर निशाण गुंडाळून चालते झाले.

आजही बेटावर पाणी होडीतून येतं. पावसानं विहिरीचा खारटपणा जरा उतरतो, म्हणून आजही नवी नवरी उंबरा ओलांडायच्या आधी विहिरीत मूठभर मीठ टाकते. मागे सरकारी माणसं आली होती, चांगली होती बिचारी. भोक दाखवा, दुपारपर्यंत बुजवून देतो, म्हणाली. ते कुठे आहे हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांना पलीकडचं गोडं पाणी पाजलं, जेवू घातलं आणि होडीत बसवून दिलं.