एलोजीला ऐकू आलेला आवाज

फार जुन्या काळी, समुद्राकाठच्या एका गावात एलोजी नावाचा यहुदी तेली राहत होता. त्याचा शेजारी इनास हा ख्रिस्ती, माडांची बाग राखणारा. दोन्ही घरं एकाच गोड्या विहिरीचं पाणी पीत. विहीर मात्र एलोजीच्या आवारात होती.

एकदा कशावरून तरी दोघांचं वाजलं आणि इनास भर बाजारात बोलून गेला, "एलोजीच्या तेलात भेसळ असते!"

ते खोटं होतं, पण गावभर झालं. एलोजीची गिऱ्हाइकं तुटली.

दुखावलेला एलोजी देवापुढे उभा राहिला. "देवा, मी काय करू ते तूच सांग."

उत्तर तत्काळ मिळालं. विहिरीची वाट अडव! त्याच दुपारी त्याने वाटेवर काटेरी कुंपण घातलं.

ऐन वैशाख होता. इनासची बायको आणि म्हातारी आई टेकडीपलीकडून पाणी आणू लागल्या. त्या दिसल्या की एलोजी मान फिरवी. 'देवाचीच आज्ञा आहे,' असं स्वतःला बजावी.

शनिवार आला. यहुदी लोकांचा हा विसाव्याचा दिवस, त्यामुळे तेलाचा घाणा बंद होता. प्रार्थना आटोपल्यावर एलोजी वृद्ध बिन्यामीनबाबांना म्हणाला, "बाबा, देव माझ्याशी बोलला. वाट अडव म्हणाला."

"बरं. आणि त्याआधी तुझ्या मनात काय होतं?"

"राग," एलोजी पुटपुटला.

"अरे, आपली रोजची प्रार्थना कोणत्या शब्दाने सुरू होते?"

"'ऐक' या शब्दाने."

"तेच तर! तू देवाला विचारलंस आणि त्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळा झालास. घरी जा. काही मागू नकोस, नुसता बस."

एलोजी घाण्यापाशी येऊन बसला. आधी त्याचा रागच बोलला. बाजारातला अपमान, तुटलेली गिऱ्हाइकं, सगळं त्याने पुन्हापुन्हा उगाळलं. दिवस कलता कलता राग बोलून बोलून थकला. मग आत अगदी हळू काहीतरी उमटलं: 'ती माणसं तहानलेली आहेत.'

"पण चूक त्याची आहे, देवा!"

आवाज चढला नाही. त्याने वाद घातला नाही. तो गेलाही नाही.

आकाशात चांदण्या दिसल्या, विसाव्याचा दिवस सरला, तसा एलोजी कोयता घेऊन उठला. कुंपणाशी पोहोचतो तर पलीकडे इनास उभा!

"एलोजीभाऊ," तो खालमानेने म्हणाला, "तीन दिवस आतून कुणीतरी सांगतंय, जा, माफी माग. मी म्हणत होतो, आधी त्याने कुंपण काढावं. पण उद्या रविवार, आमच्या प्रार्थनेचा दिवस. हे मन घेऊन देवळात कसा जाऊ?"

एलोजीला हसू फुटलं. "आपल्या दोघांना सांगणारा एकच दिसतो रे! धर तिकडून."

दोघांनी मिळून काटे उपसले. पुढच्या बाजाराच्या दिवशी इनासने चारचौघांत आपलं खोटं कबूल केलं. काही गिऱ्हाइकं परतली, काही कधीच आली नाहीत. एलोजीने मात्र त्या वाटेवर पुन्हा कधी काटा पडू दिला नाही.

तात्पर्य: आपल्याला हवं तेच सांगणारा आवाज बहुधा आपलाच असतो, देवाचं ऐकायचं तर आधी स्वतःला गप्प करावं लागतं.