खिशातली सुपारी

"बोलणं सुटतं कसं, बुवा?"

केसोबुवा पानाच्या शिरा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुनाचं?"

"माझं."

"धरलंय कुनी?"

टेकडीवरच्या मठात येऊन अच्युतरावांना एकोणीस दिवस झाले होते. रोज सकाळी हाच प्रश्न ते नव्या शब्दांत विचारत, आणि बुवा रोज पान लावत. शिष्य करून घ्या, असं अच्युतरावांनी आल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यावर बुवांनी त्यांना झाडू दाखवला होता.

अच्युतराव कारखानीस बोलूनचालून प्राध्यापक. चौतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलेला माणूस निवृत्त झाला म्हणून थोडाच थांबतो! खाली वडसंगमला त्यांचा पाच जणांचा कट्टा होता. रोज संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसून ही मंडळी नदी, नाटकं, चित्रं, निवडणुका, सगळ्याचा निकाल लावायची आणि दिवेलागणीला घरी जायची. दुसऱ्या दिवशी जग पुन्हा होतं तसंच असायचं, त्यामुळे कट्ट्यात कधी खंड पडला नाही.

पाचही जण बोलघेवडे. एकमेकांना बोलू देतील तर शपथ. म्हणून त्यांनी एक रीत घालून घेतली होती. एक अख्खी सुपारी. ती ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. दुसऱ्याला बोलायचं असेल तर त्यानं हात पुढं करायचा, आणि हात पुढं आला की सुपारी द्यायची. मग वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. अठ्ठावीस वर्षं पाच जणांच्या हातांत फिरून ती सुपारी गुळगुळीत झाली होती.

"मी सगळं सोडून आलोय," अच्युतराव म्हणाले. "नदीवर इतकं बोललो, नदीला काय त्याचं? कलेवर बोललो, राजकारणावर तर विचारूच नका. नुसती तोंडाची वाफ. आता मला मौन हवंय."

"मंग बोलू नका की."

"तेच तर जमत नाही."

"आज वढ्यावर कुनाशी बोलत हुता?"

अच्युतराव चपापले.

सकाळी ओढ्याकाठच्या उंबरावर धनेश पक्ष्यांची जोडी उतरली होती. केवढ्या त्या पिवळ्या चोची, आणि काय तो रुबाब! अच्युतरावांच्या तोंडून निघून गेलं होतं, "बाबालाल, अरे बघ, तो पिवळा बघ!" आणि मागं वळून पाहिलं, तर कुणी नव्हतं. धनेश उडून गेले तरी ते तसेच उभे राहिले. बुवा खाली झुडपाआड घागर भरत होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"कुणाशी नाही," ते म्हणाले.

"बाबालाल कोन?"

"...कट्ट्यावरचा. बाबालाल मुल्लाणी. दुकानांच्या पाट्या रंगवतो. चित्रं काढायचा. फार सुंदर काढायचा."

"ग्येला का?"

"छे हो! काहीतरीच काय!" अच्युतराव एकदम ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "धडधाकट आहे."

बुवांनी पानाला चुना लावला. घाई कसली ती नव्हतीच.

"आमच्या घाटावर काँक्रीट ओतणार आहेत," अच्युतरावांनी आपणहून सुरू केलं. "काळ्या दगडाच्या पायऱ्या, बुवा! आमचा कट्टाच त्याखाली जाणार. आणि वर जी भिंत होणार, तिच्यावर नदीची चित्रं. खरी नदी दडपायची आणि भिंतीवर रंगवायची. ते काम कुणी घेतलं? बाबालालनं. मला दुसऱ्याकडून कळलं."

"मंग?"

"मग काय! सगळ्यांसमोर विचारलं त्याला. पाऊण तास बोललो. पर्यावरण, कला, सत्ता... काही म्हणून ठेवलं नाही. शेवटी म्हणालो, बाबालाल, तू विकला गेलास."

"त्यो काय म्हनला?"

अच्युतरावांचा हात झब्ब्याच्या खिशात गेला. आल्यापासून तो सारखा तिथंच जायचा.

"बुवा, ही असली माणसं..."

"काय म्हनला त्यो?"

खाली ओढ्याचा आवाज येत होता. एरवी तो कानांवर पडायचा नाही.

"सुपारी माझ्या हातात होती," अच्युतराव हळूच म्हणाले. "त्यानं हात पुढं केला. बोटांना निळा रंग होता त्याच्या. मी... मी सुपारी खिशात टाकली आणि उठलो. घरी पिशवी भरली आणि सकाळच्या गाडीनं इकडं."

बुवांनी पानाची चंची उलटी करून झटकली. कात पडला, लवंग पडली, सुपारी काही पडली नाही. मग त्यांनी अच्युतरावांपुढं हात पसरला.

अठ्ठावीस वर्षांची सवय. पुढं आलेला हात दिसला आणि अच्युतरावांनी खिशातली सुपारी काढून त्या हातावर ठेवली. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

बुवांनी अडकित्ता उघडला. सुपारी पात्याखाली धरली.

"नको!"

प्राध्यापक कारखानीसांनी बुवांचं मनगट गच्च धरलं. गुरूच्या अंगाला असा हात लावायचा नसतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"का वं मास्तर? मौन पायजे न्हवं तुमाला? एवढी खाऊन टाकली की झालंच."

"नको, बुवा. मोडू नका." अच्युतरावांना पुढचं दिसेना. चष्मा काढून त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "तो काही बोलणार होता. शिव्या देणार असेल, नाहीतर मला पटेल असं काही सांगणार असेल... मला माहीत नाही. एकोणीस दिवस मी त्याच्या वतीनं एकटाच बोलतोय, आणि एकही वाक्य त्याच्यासारखं होत नाही. तो काय म्हणणार होता, ते मला ऐकायचंय हो."

बुवांनी अडकित्ता मिटला. सुपारी अच्युतरावांच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली.

मग बिनसुपारीचंच पान तोंडात टाकलं, आणि उन्हाकडं बघत म्हणाले,

"उठा मंग, मास्तर. हात अवघडला आसंल त्येचा."