कड्याखालचा डोह

एकदा एक व्यापारी पौषातल्या सकाळी एका वृद्ध आचार्यांच्या भेटीला निघाला होता. त्यांचा आश्रम उंच कड्यावर होता आणि कड्याच्या पायथ्याशी खोल डोह. दुपारखेरीज ऊन त्या पाण्याला शिवत नसे. डोहाच्या काठाने येताना शेवाळावरून व्यापाऱ्याचा पाय घसरला आणि तो पाण्यात पडला. दैवाने एक खडक हाती लागला. त्याला धरून तो कसाबसा राहिला आणि हाका मारू लागला.

वर कड्यावर आचार्य आपल्या दोन शिष्यांसह उभे होते. त्यांतला भार्गव समुद्रकाठी वाढलेला, पट्टीचा पोहणारा. तो कड्याच्या टोकाकडे धावला.

"भार्गवा, इथून उडी नको. पायवाटेने चल," आचार्य म्हणाले.

"तोवर तो बुडेल, गुरुजी," एवढे बोलून भार्गवाने उडी घेतली.

तो वर आला नाही. त्याच्यामागे झेपावणाऱ्या दुसऱ्या शिष्याचे, यशोधनाचे मनगट आचार्यांनी घट्ट धरले आणि त्याला ओढतच पायवाटेने खाली नेले. तिथे त्यांनी आपले आणि त्याचे उपरणे गाठ मारून जोडले, काठावर पालथे पडून एक टोक व्यापाऱ्याकडे फेकले. दोघांनी मिळून त्याला ओढून काढले. व्यापारी वाचला. भार्गवाचा देह संध्याकाळी मिळाला.

यशोधन कित्येक दिवस गुरूंशी बोलला नाही. अखेर एका सकाळी त्याने विचारले, "माझा मित्र बुडत होता आणि आपण मला धरून ठेवलेत. का?"

"उंचावरून पडणाऱ्याला पाणी मऊ लागत नाही, बाळा. ते फरशीसारखे आदळते. हाडे मोडतात, शुद्ध हरपते. शुद्ध राहिलीच, तर थंडीचा तडाखा बसतो. गार पाण्याचा तांब्या अंगावर घेताच श्वास कसा आपोआप आत ओढला जातो? तोच श्वास भार्गवाने पाण्याखाली घेतला असेल. तिथे पोहण्याची विद्या कामी येत नाही. व्यापाऱ्याचे तोंड पाण्याबाहेर होते, म्हणून त्याचा श्वास जाग्यावर आला. तुला सोडले असते, तर मी दोन शिष्य गमावले असते."

"मग हे आपण भार्गवाला का सांगितले नाहीत?"

आचार्य म्हणाले, "त्या क्षणी 'नको' एवढेच म्हणण्याची सवड होती. 'का' हे आधी सांगून ठेवायचे असते. इतकी वर्षे तो माझ्याजवळ होता. त्याला मी उपनिषदे शिकवली. या डोहाविषयी बोलायचे राहून गेले."

यशोधनाने आपली घोंगडी वृद्ध गुरूंच्या अंगावर घातली आणि तो त्यांच्याजवळ बसून राहिला.

धबधब्यावर निघालेल्या मुलांना आपणही दारातून 'सांभाळून रे' म्हणतो; का सांभाळायचे, हे सांगायला मात्र घडीभर बसत नाही.