वरचा रुपया

बार्शीच्या रेवणअप्पांनी दुकानात माल भरायला ठेवलेले पन्नास हजार हैबतरावांना त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी चेकने उसने दिले. दोन वर्षं मागून थकल्यावर त्यांनी दावा लावला. कोर्टात हैबतराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "उसने कसले? अप्पांनी प्रेमानं आहेर केला!"

लिहून घेतलेलं काहीच नव्हतं. तरी अप्पांनी हसून विचारलं, "हैबतराव, तुमच्यात सपाट आकड्याचा आहेर चालतो?"

"छे! शून्यावरचा आहेर म्हणजे अपशकुन. वरचा रुपया नसेल तर आम्ही दारातूनच परत करतो!"

"मग जज्जसाहेब, हा चेक बघा. सपाट पन्नास हजार."

चेक पाहून जज्जसाहेब हैबतरावांकडे वळले. "दारातून राहिला वाटतं. आता इथून परत करा."