छकड्याची पूर्वस्थिती

विषय : विमा उतरवलेला छकडा मुदतीआधी विम्यातून मोकळा करण्याबाबत.
संदर्भ : येसू कासारीण, राहणार करंजगड, हिचा अर्ज.

वरील विषयी सादर करण्यात येते की, करंजगडच्या चंद्रभान महाराजांनी राज्यात गाडीविमा सुरू केला होता. विम्याच्या गाडीला तांब्याचा बिल्ला ठोकत. गाडी मोडली तर सरकार दुरुस्त करून देई. मात्र बिल्ल्याची गाडी वर्षभर हद्दीबाहेर नेता येत नसे. नदीवरच्या चौकीचे शिपाई माणसाचे तोंड पाहत नसत, गाडीचा बिल्ला पाहत.

येसूचा छकडा चैत्रात मोडला. मोडला कोणी? खुद्द महाराजांच्या हत्तीने! महाराजांना पाठीवर घेऊन मोतीराम हत्ती बाजारातून चालला होता. छकड्यातल्या बांगड्या उन्हात चमकल्या, तो बिचकला आणि छकड्याचे डावे चाक त्याच्या पायाखाली आले. विमा कचेरीचे कारभारी अंतोबांनी येसूचा दावा एका दिवसात निकाली काढून नवे चाक बसवून दिले. कचेरीत एका दिवसात काही होण्याची ती पहिलीच वेळ. महाराजांनी खूश होऊन अंतोबांना जरीचे पागोटे दिले. मोडके चाक राजवाड्याच्या मुदपाकखान्यात सरपणाला गेले.

आता दिवाळी सरली होती. नदीपलीकडे वडाळीची जत्रा चार दिवसांवर आली होती. नवऱ्यामागे येसूचे घर चालत होते ते त्या जत्रेच्या जिवावर. ती गेली कचेरीत.

"अंतोबा, विमा रद्द करा. भरलेला हप्ता राहू दे तुमच्याकडे. बिल्ला तेवढा उपटून घ्या."

"तसं कसं, येसू? तू दावा घेतला आहेस!"

"मी चाक घेतलं. दावा तुमच्याच कपाटात आहे."

अंतोबांनी पागोटे सावरले आणि वाचून दाखवले. "कलम बारा! दावा घेतलेली गाडी विम्यातून मोकळी करायची, तर ती पूर्वस्थितीत हजर करावी. म्हणजे जुन्या चाकासकट!"

"अहो, त्या चाकावर महाराजांचा भात शिजला!"

"भाताचा उल्लेख कलमात नाही."

येसूने थेट दरबार गाठला; मागोमाग अंतोबाही आले. पण महाराजांचा स्वभाव असा, की एकदा लिहिलेल्या कलमातली वेलांटीही ते हलू देत नसत.

"तीन दिवसांत पूर्वस्थिती आण," ते म्हणाले, "नाहीतर बिल्ला राहील!"

"पूर्वस्थिती म्हणजे दाव्याच्या आधी होतं तसं, महाराज?"

"तंतोतंत!"

"मग तेवढं अंतोबांच्या हातचं लिहून द्या. मी पडले अडाणी, उद्या विसरेन."

अंतोबांनी मोठ्या हौसेने लिहून दिले आणि शिक्काही मारला.

तिसऱ्या दिवशी येसू छकडा घेऊन राजवाड्यासमोर उभी राहिली. छकड्याला नवेच चाक!

"जुनं चाक कुठं आहे?" महाराज गरजले.

"चाक शेवटी लावतात, महाराज. आधी बाकीची पूर्वस्थिती मांडून घेऊ. मोतीरामला बोलवा."

हत्ती आला.

"आता महाराजांनी वर बसावं. त्या दिवशी हातात अर्धी काकडी होती."

काकडी आली. महाराज अर्धी खाऊन, उरलेली हातात धरून हत्तीवर चढले. हुकूम त्यांचाच होता, करतात काय!

येसू वळली. "अंतोबा, त्या दिवशी तुमच्या डोक्याला साधा रुमाल होता. पागोटं दाव्यानंतरचं. काढा ते!"

अंतोबांनी दोन्ही हातांनी पागोटे धरले. "अगं, पूर्वस्थिती फक्त गाडीची!"

येसूने कागद उलगडून माहुताकरवी महाराजांकडे वर पोचवला. महाराजांनी मोठ्याने वाचले, "'दाव्याच्या आधी होते तसे, तंतोतंत.' अंतोबा, अक्षर तुझंच आहे. गाडीचं नाव यात कुठंही नाही. काढ पागोटं!"

"महाराज, दया करा!" अंतोबा म्हणाले. "सात महिने वापरलंय. घामानं जरीची तार काळी पडली, घडी मोडली. दिलेली, वापरून झालेली वस्तू होती तशी परत कशी आणायची?"

"बघा!" येसू म्हणाली. "मी चाकाबद्दल हेच सांगत होते, तर मला कलम बारा दाखवलं!"

मग हत्तीवरून असा काही हशा कोसळला, की अर्धी काकडी महाराजांच्या हातातून निसटली. ती मोतीरामने वरच्यावर झेलली आणि खाऊन टाकली.

"घ्या!" येसू म्हणाली. "आता तर पूर्वस्थितीतली काकडीही गेली!"

हसत हसत महाराज खाली उतरले, स्वतःच्या हाताने त्यांनी बिल्ला उपटला आणि छकड्याला उजवे चाकही नवे बसवून देण्याचा हुकूम केला. राणीवशातल्या बांगड्या यापुढे येसूनेच भराव्यात, असेही ठरले. अंतोबांचे पागोटे डोक्यावर राहिले.

येसू जत्रा करून रिकाम्या छकड्याने परत आली.

तिचा अर्ज कचेरीत आहे. बिल्ला महाराजांच्या तोंडी हुकमाने काढलेला असून पूर्वस्थितीचा दाखला सोबत जोडलेला नाही, असा अंतोबांचा त्यावर शेरा आहे. अर्ज प्रलंबित आहे.