नवशिक्यांच्या हातचा विडा

चिंचणगडच्या प्रचंडसेन महाराजांनी प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी ऑनलाइन चावडी काढली आणि आठवडाभरात तिथे भांडणं जुंपली. नवशिक्यानं काही विचारलं की पंडित खेकसत, "हे आधी विचारून झालंय. शोधा." नवशिके हिरमुसून निघून जात. वेगवेगळ्या खोल्या करून पाहिल्या, तर नवशिक्यांच्या खोलीत सांगायला कोणी नाही आणि पंडितांच्या खोलीत विचारायला कोणी नाही. पंडितांमध्ये बसून 'मला येत नाही' असं म्हणणार कोण?

शेवटी पंडितांचे मुख्य दिगंबरशास्त्री दरबारात आले. "महाराज, मूर्ख प्रश्नांनी जीव नकोसा केलाय."

चावडीची देखरेख गोजरा करायची. राजाचे घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराची ही मुलगी स्वतःही तिथेच शिकत होती. महाराजांनी तिला बोलावलं.

"गोजरे, नवशिक्यांनी मनात येईल ते विचारावं, कोणाला अडवायचं नाही. पण पौर्णिमेला चावडीवर एकही मूर्ख प्रश्न दिसता कामा नये. दिसला तर चावडीला कुलूप!"

चावडी गेली तर गोजराला शिकवणार कोण? पण चेहरा तसाच ठेवून ती म्हणाली, "जशी आज्ञा. फक्त दरबारातला मानाचा पहिला विडा नवशिक्यांच्या मर्जीनं द्यावा. ज्याच्या उत्तराखाली जास्तीत जास्त नवशिके 'समजलं' असं लिहितील, त्याला."

"एवढंच ना? दिला."

आता चिंचणगडात पहिला विडा कोणाला, यावरून ठरलेली लग्नं मोडत, सख्खे भाऊ अबोला धरत. पंडितांची झोपच उडाली. खेकसावं, तर नवशिका दुसऱ्याच्या उत्तराकडे जाई आणि विडाही त्याच्यामागे जाई. एका शब्दात वाटेला लावणारे दिगंबरशास्त्री आंब्याच्या पेट्यांची उदाहरणं देऊन समजावू लागले. वर विचारत, "बाळा, पुन्हा सांगू का?" एखाद्या दुपारी प्रश्न आला नाही, तर देवाला हात जोडत, "कोणाचं तरी अडू दे रे बाबा."

पौर्णिमेला दरबार भरला. महाराज म्हणाले, "हं शास्त्रीबुवा, मूर्ख प्रश्न दाखवा."

"छे, छे! एकेक प्रश्न म्हणजे रत्न आहे महाराज."

"मग मीच दाखवतो." महाराजांनी मोबाइल काढून वाचलं, "'माझा प्रोग्रॅम आज्ञा मानत नाही. कॉम्प्युटरला फटके द्यावेत, की नुसती ताकीद पुरे?' हा शहाणा प्रश्न आहे?"

दरबारात खसखस पिकली. गोजरानं हात जोडले. "कोणी विचारलाय, ते सांगू का?"

"मीच सांगतो. मी विचारलाय, खोट्या नावानं. तुझी परीक्षा घ्यायला, मुद्दाम!"

"मुद्दाम विचारला असेल, तर ती परीक्षा झाली. तिला मूर्खपणा कसं म्हणावं? आणि खरंच अडलं असेल, तर..."

"माझं कशाला अडतंय?"

"मग शास्त्रीबुवांनी तिसरी ओळ तपासायला सांगितल्यावर, त्यांच्या उत्तराखाली 'समजलं, चालला एकदाचा!' असं कोणी लिहिलं, महाराज?"

महाराजांचे कान लाल झाले. मग ते असे हसत सुटले, की पगडी सावरायला दोन हात पुरेनात. पहिला विडा शास्त्रीबुवांना मिळाला. गोजराला सोन्याचं कडं आणि चावडीचा कायमचा कारभार मिळाला. आणि महाराजांनी त्याच दिवशी, या खेपेला स्वतःच्या नावानं, पुढचा प्रश्न विचारला.