सरासरी तळलेले वडे

कारखान्याच्या कँटीनमधल्या फ्रायरचा थर्मोस्टॅट बिघडला होता. तेल कधी धूर ओकायचं, तर कधी कोमटच राहायचं. कँटीन चालवणाऱ्या इंदुमतीबाई रोज नवा थर्मोस्टॅट मागायच्या. मॅनेजर राजवाडे साहेब रोज तेच ऐकवायचे, “कधी जास्त, कधी कमी. सरासरी बरोबर येते ना, मग झालं.”

एकदा साहेब बड्या पाहुण्यांना घेऊन कँटीनमध्ये आले. बाईंनी त्यांच्यापुढे बशी ठेवली. बशीत दोन वडे होते, एक जळून कोळसा झालेला आणि दुसरा आतून-बाहेरून कच्चा.

“हे काय आहे?”

“दोन्ही खा, साहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या. “सरासरी बरोबर येते.”

पाहुण्यांना हसू आवरेना. नवा थर्मोस्टॅट बसेपर्यंत बाईंनी ती बशी काही उचलू दिली नाही.